पंपाची भीती, पंपाचा मोह

दम्याच्या रुग्णाला एक सल्ला आयुष्यभर ऐकावा लागतो : 'पंपाची सवय लावून घेऊ नकोस.' आई सांगते, सासू सांगते, ऑफिसातले सहकारी सांगतात आणि कधी कधी औषधाच्या दुकानातला माणूसही सांगतो. मुलीला पाहायला पाहुणे येणार असले की टेबलावरचा पंप आधी कपाटात जातो. शाळेच्या दप्तरात तो डब्याखाली लपवलेला असतो. गोळी खुशाल घ्यावी, सुई टोचून घ्यावी, काढा प्यावा. पण पंप हा शेवटचा उपाय, एकदा सुरू झाला की तो सुटत नाही, अशी ही समजूत आहे.

गंमत अशी की, हीच घरे एका पंपाला अजिबात घाबरत नाहीत. तो साल्ब्युटामॉलचा, बहुधा निळ्या रंगाचा. धाप लागली की दोनदा दाबायचा, पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी. संपला की दुकानातून दुसरा आणायचा. चिठ्ठी सहसा कोणी विचारत नाही. घरातले लोक खरोखर घाबरतात ते दुसऱ्या पंपाला, ज्याच्या माहितीपत्रकावर 'स्टिरॉइड' हा शब्द छापलेला असतो. डॉक्टरांनी लिहून दिला तरी तो पंधरा दिवसांत बंद पडतो. दम्याच्या औषधांबद्दल गेल्या साठ वर्षांत वैद्यकशास्त्र जे शिकले, ते याच्या नेमके उलटे आहे. ज्याच्यावर अवलंबून राहणे धोक्याचे, तो पंप आपण बिनधास्त वापरतो आणि ज्याच्यामुळे जीव वाचतो, तो टाळतो.

याची किंमत लहान नाही. आजारांच्या जागतिक भाराचा जो अभ्यास वेळोवेळी प्रसिद्ध होतो, त्याच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांना दमा आहे. जगातल्या दम्याच्या एकूण भारापैकी सुमारे १३ टक्के भार आपल्याकडे. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के आपल्याकडे. या दोन आकड्यांमधली दरी केवळ धुरा-धुळीने पडलेली नाही. धूर आणि धूळ इतर देशांतही आहे. वेळेवर न मिळालेल्या किंवा चुकीच्या औषधांचा त्यात मोठा हात आहे.

दम्यात श्वासनलिकेत काय घडते, ते आधी पाहू. नळी तीन कारणांनी अरुंद होते. तिच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतले अस्तर सुजते आणि त्यात चिकट कफ साठतो. स्नायूंचे आवळणे अचानक होते आणि ते रुग्णाला जाणवते. छातीत पिंपाणी वाजू लागते. सूज मात्र मुकाट्याने वाढते. रुग्ण जिने चढतो, कामावर जातो, हसतो-बोलतो आणि अस्तर सुजलेलेच असते. त्या सुजेमुळेच स्नायू जरा काही झाले की आवळतात : थंड वारा, उदबत्ती, फोडणीचा ठसका, घरातली साफसफाई, साधी सर्दी. साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करते. सुजेला ते हात लावत नाही. त्याचा असर चार-सहा तासांत ओसरतो आणि नळी होती तिथे येते. सूज उतरवण्याचे काम श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड करते. पण त्याला दिवस लागतात आणि घेतल्याघेतल्या काहीच जाणवत नाही. एका औषधाची पावती हातोहात मिळते, दुसऱ्याची मिळत नाही. माणसाचा विश्वास कोणावर बसणार, हे उघड आहे.

मौज म्हणजे ही दोन्ही औषधे एकाच प्रयोगशाळेतून आली. इंग्लंडमधल्या वेअर गावी ॲलन अँड हॅनबरीज कंपनीत डेव्हिड जॅक या संशोधकाच्या हाताखालच्या चमूने साल्ब्युटामॉल तयार केले. ते १९६९ मध्ये बाजारात आले. त्याच चमूने पुढे १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड, बेक्लोमेथासोन, आणले. पहिले रातोरात जगभर गेले. दुसऱ्याला डॉक्टरांच्या मनात जागा मिळवायला पुढची वीस वर्षे लागली. भारतीय रुग्णाच्या मनात ती अजूनही मिळालेली नाही.

पंप त्याच्याही आधीचा आहे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले की, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डबीत दम्याचे औषध का भरता येत नाही? वर्षभरात तसा पंप बाजारात आला. तोवर काचेची, रबरी फुगा दाबून चालवायची नाजूक यंत्रे होती. आता खिशात मावणारी डबी मिळाली आणि पहिल्यांदाच दमेकरी माणूस डॉक्टरची वाट न पाहता स्वतः श्वास मोकळा करू लागला. ही फार मोठी सुटका होती. धोक्याचे बीजही तिथेच पडले.

साठच्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रेनलिन या औषधाचा जास्त ताकदीचा पंप विकला जाऊ लागला. काही वर्षांतच इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या झपाट्याने वाढली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातही तेच झाले. जिथे हा जोरकस पंप विकला गेला नाही, तिथे अशी लाट दिसली नाही. ब्रिटनने १९६८ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, डॉक्टरांना इशारे दिले आणि मृत्यू खाली आले.

धडा शिकला गेला असे वाटत असतानाच १९७६ पासून न्यूझीलंडमध्ये दुसरी लाट आली. या वेळी वेलिंग्टनमधल्या तरुण संशोधकांच्या एका गटाने, ज्यात ज्युलियन क्रेन, नील पिअर्स आणि रिचर्ड बीझली होते, फेनोटेरॉल या पंपाकडे बोट दाखवले. त्यांचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रसिद्ध होण्याआधीच तो अडवण्याचे प्रयत्न झाले, नंतर वर्षानुवर्षे वाद चालला. न्यूझीलंड सरकारने मात्र त्या औषधाला आवर घातला आणि मृत्यूदर घसरला. झटपट आराम देणारे औषध जितके जोरकस, तितका रुग्ण घरी बसून राहतो. पंप दाबत राहतो, दवाखान्यात जायला उशीर करतो. औषधाचा हृदयावरचा परिणाम आणि हा उशीर, दोन्ही मिळून घात करतात.

साल्ब्युटामॉल त्या दोन औषधांपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, हे इथे सांगितले पाहिजे. झटक्याच्या वेळी ते जीव वाचवते आणि ज्याच्या हाती तेवढेच आहे, त्याने ते घ्यावेच. प्रश्न ते एकट्याने वापरण्याचा आहे. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची राष्ट्रीय पातळीवर छाननी झाली. २०१४ मध्ये अहवाल आला. १९५ मृत्यू तपासले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा दमा सौम्य किंवा मध्यम समजला गेला होता. झटपट आरामाच्या पंपांची संख्या ज्यांच्याबाबत कळली, त्यांतल्या ३९ टक्के लोकांनी शेवटच्या वर्षभरात असे १२ हून अधिक पंप घेतले होते. काहींनी ५० हून अधिक. म्हणजे आठवड्याला एक. इतके पंप संपत होते, तेव्हा कोणीतरी थांबून विचारायला हवे होते. ४५ टक्के माणसे मदत मागण्याआधी किंवा ती पोचण्याआधीच गेली.

स्वीडनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०२० मध्ये आलेला अभ्यास आणखी बोलका आहे. वर्षाला तीन किंवा त्याहून अधिक निळे पंप घेणाऱ्यांत तीव्र झटक्यांचा धोका वाढलेला दिसला. अकरा किंवा अधिक घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त. दमा बळावला म्हणून पंप जास्त लागले, असा आक्षेप घेता येतो आणि तो अंशतः खराही आहे. पण त्यानेही निष्कर्ष बदलत नाही : वर्षाला तिसरा पंप हा धोक्याचा दिवा आहे. आपल्याकडे अनेक रुग्णांचा तिसरा पंप उन्हाळा लागायच्या आतच संपतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतातला २००० सालचा अभ्यास ठेवावा. श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडचा वर्षभरात जितका एकेक पंप अधिक वापरला गेला, तितका दम्याने मरण्याचा धोका दर पंपामागे २१ टक्क्यांनी उतरत गेला. डोस कमीच होता. फिनलंडने तर १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे देशभर एकच धोरण राबवले : दमा लवकर ओळखा आणि पहिल्या दिवसापासून सुजेवर औषध द्या. तालुक्याच्या पातळीवरचे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते या सर्वांना त्यात ओढले गेले. रुग्णालयात दमेकऱ्यांनी काढलेले दिवस निम्म्याहून अधिक घटले, मृत्यूही कमी झाले. औषधे नवी नव्हती. जुनीच औषधे वेळेवर दिली गेली.

तरी एक अडचण उरतेच. ज्या माणसाला महिन्यातून दोनदाच त्रास होतो, तो रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेणार नाही. फिनलंडमधला घेणार नाही, फलटणमधलाही घेणार नाही. माणसाचा स्वभाव औषधाने बदलत नाही. यावर निघालेला तोडगा साधा आहे, इतका की तो आधी का सुचला नाही असे वाटावे : आराम देणारे आणि सूज उतरवणारे औषध एकाच पंपात द्यायचे. फॉर्मोटेरॉल हे स्नायू सैल करणारे औषध साल्ब्युटामॉलइतक्याच लवकर काम सुरू करते आणि बारा तास टिकते. त्याच्या जोडीला ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड. रुग्णाला त्रास झाला की तो आरामासाठी पंप ओढणारच. ओढला की सुजेवरचे औषधही आपोआप पोटात, खरे तर छातीत, जाते. त्रास जास्त, तर औषध जास्त. त्रास कमी, तर कमी.

२०१८ मध्ये या पद्धतीच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. सौम्य दमा असलेल्या, फक्त झटपट आरामाचा पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत जोडपंप गरजेपुरता वापरणाऱ्यांत तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी झाले. रोज नियमाने स्टिरॉइड घेणाऱ्यांइतकेच त्यांचे तीव्र झटके टळले आणि तेही त्यांच्या सुमारे १७ टक्केच स्टिरॉइड वापरून. या चाचण्यांचा खर्च तो पंप बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हे लक्षात ठेवायलाच हवे. म्हणून पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये सरकारी संशोधन निधीतून झालेल्या चाचणीला महत्त्व आहे. तिच्यातही जोडपंप सरस ठरला आणि तिच्यामागे होते तेच रिचर्ड बीझली, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी फेनोटेरॉलचे प्रकरण उघडकीस आणले होते. २०१९ मध्ये दम्यावर जगभर मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या मंडळाने स्पष्ट सांगितले की, बारा वर्षांवरील कोणालाही फक्त झटपट आरामाच्या पंपावर ठेवू नये. पन्नास वर्षे जी पहिली पायरी होती, ती काढून टाकली गेली. न्यूझीलंडने २०२० मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे त्यानुसार बदलली.

भारतात काय झाले? ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा जोडपंप इथे वर्षानुवर्षे बनतो, निर्यात होतो, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. श्वासाच्या औषधांच्या निर्मितीत भारतीय कंपन्या जगात अग्रेसर आहेत. तरीही देशातल्या अनेक केंद्रांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की, छातीत घरघर असणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दमा असल्याचे कोणी सांगितलेलेच नव्हते. तीव्र लक्षणे असणाऱ्यांतही हे प्रमाण ७० टक्के. आणि ज्यांना निदान सांगितले होते, त्यांतही रोज स्टिरॉइडचा पंप घेणारे दहा टक्क्यांहून कमी. औषध घरचे, कारखाना घरचा आणि रुग्ण मात्र कोरडा.

मग रुग्ण काय घेतो? तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही दवाखान्यात रात्री अकरानंतर बसून पाहावे. धापा टाकणारा माणूस मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेला असतो. त्याला थिओफिलिन गटातले एक इंजेक्शन आणि डेक्सामेथासोनचे एक इंजेक्शन मिळते, जमल्यास वाफ, सोबत पाच दिवसांच्या गोळ्यांची पुडी. पहाटेपर्यंत तो बरा होतो. डॉक्टर देवमाणूस ठरतात आणि त्यांनी ते रात्री दार उघडून कमावलेले असते, हे नाकारता येत नाही. पण त्या डेक्सामेथासोनच्या सुईतून आणि पुडीतल्या गोळ्यांतून गेलेले स्टिरॉइड कुणी विचारात घेत नाही. झटक्यात पोटातून दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनचा दिवसाचा डोस साधारण ४० मिलिग्रॅम असतो. पंपाच्या एका ओढीत ब्युडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने त्याच्या दोनशेवा भाग. ते अधिक तीव्र असते हे धरले, तरी ते थेट नळीच्या अस्तरावर पडते आणि रक्तात फार थोडे जाते. वर्षातून चार वेळा सुई आणि गोळ्या घेणारा माणूस पंप घेणाऱ्याच्या कितीतरी पट स्टिरॉइड शरीरात घेतो आणि वर सांगतो, 'मी स्टिरॉइड घेत नाही.' हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, चेहरा सुजणे हे सगळे स्टिरॉइडच्या नावावर खपते ते बरोबर आहे, फक्त ते त्या सुईच्या आणि गोळीच्या खात्यावर लिहायला हवे.

हिशेब साल्ब्युटामॉलचाही असाच आहे. पंपाच्या एका ओढीत १०० मायक्रोग्रॅम औषध असते. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीस पट. गोळी पोटात जाते, रक्तातून सगळीकडे फिरते, हात थरथरवते, छातीत धडधड करते आणि अर्ध्या तासाने कुठे फुप्फुसापर्यंत पोचते. जगभरातली मार्गदर्शक तत्त्वे तिला नको म्हणतात. आपल्याकडे ती अजून चिठ्ठ्यांवर आहे, लहान मुलांच्या खोकल्याच्या गोड औषधांतही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने ज्या जुन्या औषधांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवू दिली, त्यांत साल्ब्युटामॉलच्या दोन आणि चार मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. इतक्या कमी भावात बनवणे परवडत नाही, अशी उत्पादकांची तक्रार होती. वाफेचे द्रावण त्याच यादीत होते आणि ते बाजारात राहणे गरजेचेच आहे. पण गोळीसाठी एवढी काळजी वाहताना तिची गरज उरली आहे का, हे विचारण्याची ती चांगली वेळ होती.

स्टिरॉइडच्या पंपाला काहीच दुष्परिणाम नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. म्हणून घेतल्यावर चूळ भरायची. मुलांच्या उंचीबद्दलची आयांची भीतीही अगदीच निराधार नाही. अमेरिकेत लहानपणी काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सरासरी उंची १.२ सेंटिमीटरने कमी भरली. बोटाच्या एका पेराहूनही कमी. डॉक्टरांनी हा आकडा आईला आधीच सांगावा. लपवला, की ती तो शेजारणीकडून दहापट होऊन ऐकते आणि औषध बंद करते. श्वास न पुरलेले, रात्र रात्र खोकणारे, खेळायला न जाणारे मूलही नीट वाढत नाही, हे तिला कोणी तेव्हाच सांगितलेले नसते.

या भीतीच्या जागेत मग बाकीचे शिरतात. कोजागिरीच्या चांदण्यात खिरीतून दम्याचे औषध वाटणारी शिबिरे राज्यात ठिकठिकाणी भरतात. मृग लागला की हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांत मराठवाडा-विदर्भातलेही असतात. मासा आणि खीर यांनी सहसा फार नुकसान होत नाही. नुकसान होते ते 'आता औषध बंद केले तरी चालेल' या सोबतच्या सल्ल्याने. बिनलेबलाच्या पुड्यांचा प्रकार जास्त वाईट. देशी औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडची भेसळ आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. पंपातल्या चिमूटभर स्टिरॉइडला घाबरून पळालेला रुग्ण तिथे ते चमच्याने खातो.

चुलीच्या धुराने किंवा विडी-सिगारेटने नळ्या कायमच्या अरुंद झालेल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि इथे एक सावधगिरी हवी. त्या आजारात, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, उपचाराचा पाया असतो नळ्या दीर्घकाळ रुंद ठेवणारी औषधे; स्टिरॉइड सगळ्यांना लागत नाही, काहींना तर त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यातले एक औषध, टायोट्रोपियम, आपल्या धोत्र्याच्या कुळातले आहे. मद्रासकडे धोत्रा जाळून त्याचा धूर ओढतात हे पाहून इंग्रजांनी १८०२ च्या सुमारास तो उपाय मायदेशी नेला. पुढे दम्याच्या सिगारेटी निघाल्या आणि धोत्र्यातल्या ॲट्रोपिनपासून शंभर-दीडशे वर्षांनी ही सुरक्षित औषधे तयार झाली. (म्हणून कोणी परसातला धोत्रा ओढू नये, तो विषारीच आहे.) दमा की सीओपीडी, हे फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या चाचणीने कळते. पुण्यातल्या डॉ. संदीप साळवी यांच्यासारखे संशोधक सांगत आले आहेत की, सिगारेट कधी न ओढलेल्या, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही हा आजार होतो. त्यांतल्या कितीजणींनी त्या यंत्रात कधी फुंकर मारली असेल?

सरकारी व्यवस्थेची खरी उणीव इथेच दिसते. तिशी ओलांडलेल्यांची गावपातळीवर तपासणी होते. आशाताई घरी येऊन जो तक्ता भरतात, त्यात धाप लागते का, हा प्रश्न आहे. पुढे आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला जातो, साखर मोजली जाते, तोंड आणि स्तन तपासले जातात. धापेच्या 'हो' या उत्तराचे मात्र बहुतेक ठिकाणी काही होत नाही. श्वासाचा जोर मोजायची प्लास्टिकची साधी नळी, पीक फ्लो मीटर, रक्तदाबाच्या यंत्राहून महाग नसते. रक्तदाबाची गोळी जशी दर महिन्याला केंद्रातून हातात मिळते, तसा जोडपंप मिळायला हवा आणि तो सलग मिळायला हवा. मार्चमध्ये आहे आणि जूनमध्ये संपला, असे झाले तर रुग्ण पुन्हा निळ्या पंपाकडे आणि सुईकडे वळतो. जनऔषधी दुकानांच्या यादीत ही औषधे आहेत, पण दुकान तालुक्याला आणि रुग्ण वाडीवर, हे अंतर यादीने भरून निघत नाही. खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांनी एका रात्रीच्या भरतीचा, ऑक्सिजनचा आणि बुडालेल्या रोजगाराचा हिशेब शेजारी मांडावा.

औषधविक्रेत्यांकडूनही एक अपेक्षा ठेवता येते. साल्ब्युटामॉल कायद्याने चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे. मध्यरात्री धापा टाकत आलेल्याला चिठ्ठी मागून परत पाठवावे, असे कोणी म्हणणार नाही. पण तोच चेहरा महिन्यात दुसऱ्यांदा निळा पंप मागायला आला, तर 'दुसरा पंप चालू आहे ना?' एवढे विचारायला कायद्याची गरज नाही. फिनलंडमध्ये औषधविक्रेत्यांनी हेच केले.

पंप हातात आला, तरी औषध फुप्फुसात पोचेलच असे नाही. कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते, ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण प्रत्येक छातीतज्ज्ञाने पाहिलेले आहेत. दाबायच्या पंपात गडबड वेगळी : आधी दाबतात आणि मग श्वास घेतात, त्यामुळे औषध टाळ्यावर आपटून तिथेच राहते. नीट पद्धत अशी : पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात धरून हळू खोल श्वास घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचे, मग दहा आकडे होईपर्यंत श्वास रोखायचा. कॅप्सूलच्या यंत्रात मात्र श्वास हळू नाही, जोरात ओढायचा. दोन मिनिटांचे काम आहे. पण सत्तर रुग्णांच्या रांगेत डॉक्टरला ती दोन मिनिटे मिळत नाहीत आणि परिचारिकेला कोणी शिकवलेले नसते.

ज्यांना दाबणे आणि ओढणे जुळत नाही, मुलांना आणि म्हाताऱ्यांना तर मुळीच नाही, त्यांच्यासाठी पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचे नळकांडे, स्पेसर, मिळते. पंप त्यात दाबायचा आणि आतली हवा चार-पाच सावकाश श्वासांत ओढून घ्यायची. साध्या किंवा मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर यांचा गुण वाफेच्या यंत्राइतकाच येतो, वीजही लागत नाही. कोविडनंतर घरोघरी वाफेची यंत्रे आली आहेत, त्यांतली निम्मी तरी या नळकांड्याने वाचली असती. तेही परवडत नसेल, तर दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये हेदर झार या बालरोगतज्ज्ञांनी केलेला प्रयोग आहे. तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यांनी शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून पंप घट्ट बसवला आणि झटका आलेल्या मुलांना बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायला लावले. विकतच्या स्पेसरइतकाच त्या बाटलीने गुण दिला. तशी बाटली आपल्या प्रत्येक एसटी स्टँडवर पडलेली असते. ती धुऊन, भोक पाडून, आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने एखाद्या आईच्या हातात द्यायची आणि पंप कसा बसवायचा ते तिच्याकडूनच एकदा करून घ्यायचे.